'ईझी टु' आणि 'ईगर टु': विशेषणानंतर येणारे इंग्रजी क्रियापद नेमके कोणाचे?

'माय आंट इज ईगर टु हेल्प' आणि 'माय आंट इज ईझी टु हेल्प' ही दोन इंग्रजी वाक्ये एकाखाली एक लिहिली, तर त्यांत एकाच शब्दाचा फरक दिसतो. कर्ता तोच आहे, 'इज' तेच आहे आणि शेवटचे 'टु हेल्प'ही तेच आहे. तरीही पहिल्या वाक्यात मावशी दुसऱ्याला मदत करायला उत्सुक आहे, तर दुसऱ्या वाक्यात मावशीलाच कोणीतरी मदत करायची आहे आणि ते काम सोपे आहे. मदत करणारा कोण आणि ती घेणारा कोण, याची पुरती अदलाबदल मधल्या एका विशेषणाने केली. वाक्याचा सांगाडा पाहून अर्थ लावायची सवय असलेल्या वाचकाला ही अदलाबदल दिसत नाही, आणि बोलताना किंवा लिहिताना होणाऱ्या अनेक चुकांचे मूळ इथेच असते.

मी ऐरोलीत प्रौढांसाठी इंग्रजीचा संध्याकाळचा वर्ग घेते. महापे आणि रबाळ्याच्या कार्यालयांतून सुटून येणारे, ठाण्याहून ट्रान्स हार्बरच्या लोकलने येणारे, शाळेत मराठी माध्यमात शिकलेले असे हे विद्यार्थी असतात. काळ, वचन, उपपदे यांवर त्यांनी बरीच मेहनत घेतलेली असते; पण विशेषणामागून 'टु' लावलेले क्रियापद आले की काय होते, हे त्यांना सहसा कोणी नीट सांगितलेले नसते. फार तर एक यादी पाठ करायला दिलेली असते. ही यादी पाठ करण्याची मुळीच गरज नाही, असे माझे ठाम मत आहे. विशेषणाचा अर्थ लक्षात घेऊन 'ही क्रिया करणार कोण?' एवढा एकच प्रश्न विचारला, तर बहुतेक वाक्यांची घडी आपोआप उलगडते. (या लेखात क्रियापदाआधीचे 'टु' ऱ्हस्व लिहिले आहे आणि 'प्रमाणाबाहेर' या अर्थाचे 'टू' दीर्घ लिहिले आहे, एवढे वाचताना ध्यानात ठेवावे.)

हा प्रश्न मराठी माणसाला नवा नाही. 'काकू सांभाळायला तयार आहेत' आणि 'बाळ सांभाळायला सोपे आहे' या दोन वाक्यांत 'सांभाळायला' हे रूप अगदी एकच आहे. पहिल्या वाक्यात सांभाळणाऱ्या काकू आहेत, तर दुसऱ्यात बाळ कोणाला सांभाळत नाही, त्यालाच सांभाळले जाते. हा फरक 'तयार' आणि 'सोपे' या विशेषणांनी केला, आणि तो समजायला आपल्याला व्याकरणाचे पुस्तक उघडावे लागले नाही. 'बोलायला गोड' माणूस स्वतः बोलतो, तर 'ऐकायला गोड' गाणे दुसरे कोणी ऐकते. इंग्रजीतले 'टु' आणि मराठीतले '-आयला' ही दोन्ही रूपे क्रियेचे नाव घेतात, पण तिचा कर्ता सांगत नाहीत. तो विशेषणाकडून समजून घ्यावा लागतो. म्हणून मराठी कान हा इथे अडथळा नाही, उलट तो मोठा आधार आहे, आणि त्याचा उपयोग वर्गात फार कमी केला जातो याचे मला वाईट वाटते.

आधी सोपा गट पाहू. 'ग्लॅड', 'हॅपी', 'सॉरी', 'प्राउड', 'रेडी', 'विलिंग', 'ईगर', 'अफ्रेड', 'एबल' ही विशेषणे माणसाच्या मनाची किंवा क्षमतेची अवस्था सांगतात. अवस्था ज्याची, क्रियाही त्याचीच. 'आय अ‍ॅम ग्लॅड टु मीट यू' यात आनंदही माझा आणि भेटणेही माझेच. 'शी इज विलिंग टु वर्क ऑन संडे' यात तयारी तिची आणि कामही तिचेच. या गटात एक बारकावा मात्र आहे. 'ग्लॅड', 'सॉरी', 'सरप्राइज्ड' यांच्यामागे येणारी क्रिया आधी घडते आणि तिच्यामुळे भावना उमटते. 'विलिंग', 'ईगर', 'रेडी' यांच्यामागची क्रिया अजून व्हायची असते. 'आय वॉज सरप्राइज्ड टु सी हिम' म्हणजे तो दिसला आणि मग आश्चर्य वाटले. 'आय अ‍ॅम ईगर टु सी हिम' म्हणजे तो अजून दिसलेला नाही. रूप एकच असूनही काळाची दिशा उलटी आहे, आणि ती दिशासुद्धा विशेषणच ठरवते.

याच गटातल्या 'अफ्रेड'कडे थोडे थांबून पाहायला हवे. 'माय मदर इज अफ्रेड टु क्रॉस घोडबंदर रोड' या वाक्यात आई भीतीमुळे रस्ता ओलांडायचे टाळते. ओलांडणे तिच्या हातात आहे आणि ती ते करत नाही. 'माय मदर इज अफ्रेड ऑफ फॉलिंग' यात पडणे तिच्या इच्छेवर नाही, ते आपल्या हातून घडेल याची तिला धास्ती आहे. तिथे 'अफ्रेड टु फॉल' म्हटले, तर ती मुद्दाम पडायचे धाडस करत नाही असा विचित्र अर्थ निघतो. जी क्रिया आपण ठरवून करतो किंवा टाळतो तिच्याआधी 'टु', आणि जी आपल्यावर ओढवते तिच्याआधी 'ऑफ', असे धरून चालले तर नेहमीच्या वापरात अडचण येत नाही.

आता खरा गुंता जिथे आहे तिकडे वळू. 'ईझी', 'हार्ड', 'डिफिकल्ट', 'टफ', 'इम्पॉसिबल', 'सेफ', 'डेंजरस', 'प्लेझंट' ही विशेषणे क्रिया करताना काय अनुभव येतो ते सांगतात. वाक्याच्या सुरुवातीला जे नाम असते ते इथे क्रिया करत नाही, क्रिया त्याच्यावर होते. 'धिस फॉर्म इज ईझी टु फिल' मध्ये फॉर्म काही भरत नाही, तो आपण भरतो. 'हिज हँडरायटिंग इज हार्ड टु रीड' यात वाचणारे आपण आणि वाचले जाणारे त्याचे अक्षर. अर्थाने हे वाक्य 'इट इज हार्ड टु रीड हिज हँडरायटिंग' असेच आहे. फक्त 'वाचणे' या क्रियेचे कर्म उचलून वाक्याच्या दाराशी आणून बसवले आहे, कारण बोलणाऱ्याला त्याच्याविषयी बोलायचे आहे.

ही जोडी भाषाविज्ञानात फार गाजलेली आहे. अमेरिकी भाषावैज्ञानिक नोम चॉम्स्की यांनी 1960च्या दशकात 'जॉन इज ईगर टु प्लीज' आणि 'जॉन इज ईझी टु प्लीज' या वाक्यांकडे लक्ष वेधले. वरून सारखी दिसणारी वाक्ये आतून किती वेगळी असू शकतात, हे दाखवायला त्यांना हे उदाहरण उपयोगी पडले. पुढे 1969मध्ये त्यांच्या पत्नी, भाषावैज्ञानिक कॅरल चॉम्स्की यांनी मुलांच्या भाषाविकासावरचा आपला अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात 5 ते 10 वर्षे वयाच्या, इंग्रजी हीच मातृभाषा असलेल्या मुलांसमोर डोळ्यांवर पट्टी बांधलेली एक बाहुली ठेवली आणि 'इज द डॉल ईझी टु सी ऑर हार्ड टु सी?' असे विचारले. बाहुली तर समोरच होती, त्यामुळे ती दिसायला सोपीच होती. तरीही लहान मुलांपैकी अनेकांनी 'हार्ड टु सी' असे उत्तर दिले, कारण त्यांनी पाहण्याची क्रिया बाहुलीकडे दिली आणि तिचे डोळे तर बांधलेले होते. तिला 'ईझी टु सी' करून दाखव म्हटल्यावर त्यांनी पट्टी सोडली. साधारण 9 वर्षांच्या पुढची सगळी मुले मात्र बरोबर उत्तर देत होती.

हा प्रयोग मी विद्यार्थ्यांना आवर्जून सांगते. ज्यांच्या घरात जन्मापासून इंग्रजी बोलले जाते, त्या मुलांनाही ही रचना पक्की व्हायला इतकी वर्षे लागतात, हे कळल्यावर तिशी-चाळिशीत इंग्रजी शिकणाऱ्या माणसाच्या खांद्यावरचे ओझे बरेच हलके होते. शिवाय त्या मुलांची चूक पाहिली की चुकीचे कारणही दिसते. वाक्यात पहिले आलेले नाम म्हणजे क्रिया करणारा, हा सरळ ठोकताळा ती मुले लावत होती, आणि बहुतेक वाक्यांत तो बरोबरही ठरतो.

या गटाचे लिहिताना सांभाळायचे नियम कर्माच्या याच जागेतून निघतात. कर्म पुढे जाऊन बसल्यामुळे क्रियापदाच्या मागे त्याची जागा रिकामी राहते, आणि ती रिकामीच ठेवायची असते. 'धिस सम इज ईझी टु सॉल्व्ह' बरोबर आहे. 'धिस सम इज ईझी टु सॉल्व्ह इट' चूक आहे, कारण 'इट' म्हणजे ते गणितच आणि ते आधीच येऊन गेले आहे. मराठीत आपण 'हे गणित ते सोडवायला सोपे आहे' असे कधी म्हणत नाही, मग इंग्रजीत ते 'इट' घुसवायचे कारण नाही. दुसरी चूक जरा सुशिक्षित वळणाची आहे. फॉर्म स्वतः भरत नाही, तो भरला जातो, असा विचार करून काही जण 'धिस फॉर्म इज ईझी टु बी फिल्ड' असे लिहितात. हेतू चांगला असतो, पण इथे इंग्रजी साधेच रूप ठेवते, जसे आपणही 'भरायला सोपा' म्हणतो, 'भरला जायला सोपा' म्हणत नाही.

तिसरी गोष्ट शब्दयोगी अव्ययाची, आणि इथे मराठी कानाची मदत खरोखरच संपते. 'ही खुर्ची बसायला आरामशीर आहे' या वाक्यात खुर्ची'वर' बसतो, हे 'वर' आपण पूर्णपणे गाळून टाकतो. 'त्यांच्याशी बोलणे' असे म्हणणारे आपण 'त्या बोलायला मोकळ्या आहेत' म्हणताना 'शी' सोडून देतो. इंग्रजीत ते अव्यय गाळता येत नाही. नाम पुढे गेले तरी अव्यय क्रियापदाच्या मागे उभे राहते. म्हणून 'धिस चेअर इज कम्फर्टेबल टु सिट ऑन', 'अवर प्रिन्सिपल इज ईझी टु टॉक टु', 'तलावपाळी इज प्लेझंट टु वॉक अराउंड', 'धिस लोकल इज इम्पॉसिबल टु गेट इन्टु अ‍ॅट हाफ पास्ट एट' अशी वाक्ये होतात. शेवटी लोंबकळणारे 'ऑन', 'टु', 'इन्टु' हे कानाला अपुरे वाटते आणि विद्यार्थी ते खोडून टाकतात. ते खोडू नये. खात्री करून घ्यायची असेल तर वाक्य उलटे फिरवून पाहावे: 'वुई सिट ऑन धिस चेअर' म्हणताना 'ऑन' लागते ना, मग ते तिकडेही लागणारच.

'रेडी' हा शब्द मात्र दोन्ही गटांत वावरतो. 'द डॉग इज रेडी टु वॉक' असे म्हटले, तर कुत्रा चालायला सज्ज आहे असाही अर्थ होतो आणि कुत्र्याला फिरवायला नेण्याची सगळी तयारी झाली आहे असाही होतो. मराठीतला 'तयार'ही असाच दुहेरी आहे: 'मासे खायला तयार आहेत' हे वाक्य कोळंबीच्या कालवणाविषयी असू शकते आणि टाकीतल्या माशांविषयीही असू शकते. अशा वेळी प्रसंगच निकाल देतो.

'इट'ने सुरू होणारी वाक्येही याच कुटुंबातली आहेत. 'टु फाइंड अ सीट इज डिफिकल्ट' हे वाक्य व्याकरणाने बरोबर असले तरी असे कोणी बोलत नाही. लांबलचक क्रिया वाक्याच्या तोंडाशी ठेवणे इंग्रजीला आवडत नाही. ती शेवटी जाते आणि तिची जागा धरून ठेवायला 'इट' येते. 'इट इज डिफिकल्ट टु फाइंड अ सीट.' या 'इट'ला स्वतःचा काही अर्थ नाही. लोकलच्या डब्यात रुमाल टाकून जागा धरावी तसे ते पहिल्या जागेवर टाकलेले असते, आणि खरा मालक मागून येतो. मराठीत 'जागा मिळणे कठीण आहे' या क्रमाने काम भागते, त्यामुळे हे जागा धरणारे 'इट' आपल्याला आतून सुचत नाही. ते सवयीनेच अंगवळणी पडते.

क्रिया कोणी करायची हे या रचनेत सांगायचे झाल्यास 'फॉर' लागते. एका विद्यार्थ्याने आपल्या वरिष्ठांना पाठवायचा मजकूर पाठवण्याआधी मला दाखवला होता: 'सर, आय अ‍ॅम नॉट पॉसिबल टु कम टुमॉरो.' हे वाक्य मराठीवरून आले असे म्हणण्याचा मोह होतो, पण ते खरे नाही. मराठीत 'मी शक्य नाही' असे कोणी म्हणत नाही. आपण 'मला येणे शक्य नाही' म्हणतो. 'शक्य' हे माणसाचे विशेषण नाही, येण्याचे विशेषण आहे, हे त्याच्या मराठीला ठाऊक होते. चूक आली ती 'स्वतःविषयीचे वाक्य आय अ‍ॅमने सुरू होते' या शाळेत ठसलेल्या साच्यातून. 'मला'तला '-ला' म्हणजे 'फॉर मी', एवढे सांगितल्यावर त्याने स्वतःच वाक्य दुरुस्त केले: 'इट इज नॉट पॉसिबल फॉर मी टु कम टुमॉरो.' याहून साधे म्हणजे 'आय विल नॉट बी एबल टु कम टुमॉरो'. 'एबल' हे माणसाचेच विशेषण असल्यामुळे तिथे 'आय' चालतो. 'कन्व्हिनियंट'चीही हीच गत आहे. 'इफ यू आर कन्व्हिनियंट' असे पत्रांतून सर्रास लिहिले जाते, पण सोयीचा माणूस नसतो, वेळ किंवा येणे सोयीचे असते. म्हणून 'इफ इट इज कन्व्हिनियंट फॉर यू टु कम' असे लिहावे. आणखी एक गंमत अशी, की 'इम्पॉसिबल' वस्तूला लागते आणि 'पॉसिबल' लागत नाही. 'धिस डोअर इज इम्पॉसिबल टु ओपन' चालते. 'धिस डोअर इज पॉसिबल टु ओपन' मात्र चालत नाही, तिथे 'इट इज पॉसिबल टु ओपन धिस डोअर' असेच म्हणावे लागते.

'फॉर' आला की 'ऑफ'चा प्रश्न येतोच, आणि व्यवहारात हा भेद मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण तो सौजन्याच्या वाक्यांत लागतो. 'इट वॉज काइंड ऑफ यू टु कम' आणि 'इट इज नेसेसरी फॉर यू टु कम' ही वाक्ये पाहा. 'काइंड' हे विशेषण येण्यालाही लागते आणि येणाऱ्यालाही लागते: तुम्ही आलात हे चांगले केलेत, आणि त्यातून तुमचा चांगुलपणा दिसला. 'नेसेसरी' फक्त येण्याला लागते. तुमच्या स्वभावाविषयी ते काही बोलत नाही. जिथे कृतीवरून माणसाची पारख होते तिथे 'ऑफ' येतो. 'काइंड', 'नाइस', 'जेनरस', 'थॉटफुल', 'ब्रेव्ह', 'फूलिश', 'केअरलेस', 'रूड' ही सारी पारखीची विशेषणे आहेत. 'इट वॉज केअरलेस ऑफ हिम टु लीव्ह द गॅस ऑन', 'इट वॉज थॉटफुल ऑफ हर टु कॉल माय मदर'.

मराठीत हाच भेद विभक्तीने दाखवला जातो, आणि तो इतका चपखल जुळतो की मी कोणतीही यादी न देता तेवढ्यावरच हा धडा शिकवते. 'गॅस चालू ठेवणे हा त्याचा निष्काळजीपणा होता' यात 'त्याचा' आहे. 'गॅस बंद करणे त्याला आवश्यक होते' यात 'त्याला' आहे. जिथे मराठीत '-चा' सुचतो तिथे इंग्रजीत 'ऑफ', जिथे '-ला' सुचतो तिथे 'फॉर'. 'गुड' हा शब्द दोन्हीकडे जातो, आणि म्हणून तो भेद सर्वांत स्पष्ट दाखवतो. उपवनच्या तळ्याकाठी रोज सकाळी फेऱ्या मारणाऱ्या आजोबांना डॉक्टर म्हणतील, 'इट इज गुड फॉर यू टु वॉक', म्हणजे चालणे तुम्हाला हितकारक आहे. तेच आजोबा आजारी शेजाऱ्याला औषध पोचवायला चालत गेले, तर शेजारी म्हणेल, 'इट वॉज गुड ऑफ यू टु कम', म्हणजे हा तुमचा चांगुलपणा. तिथे चुकून 'गुड फॉर यू' म्हटले, तर उपकार मानण्याऐवजी त्यांच्या प्रकृतीविषयी शेरा मारल्यासारखे होते. पारखीच्या विशेषणांपैकी काहींना माणूस थेट कर्ता म्हणूनही चालतो: 'यू वर काइंड टु कम', 'ही वॉज फूलिश टु रिझाइन'. 'राइट' आणि 'राँग' तर बहुधा असेच येतात: 'यू वर राइट टु आस्क'.

यापुढचा गट लहान आहे, पण फसवा आहे. 'लाइकली', 'शुअर', 'सर्टन', 'बाउंड' ही विशेषणे कर्त्याविषयी काहीच सांगत नाहीत. पूर्ण घटना घडण्याची शक्यता किती, ते सांगतात. जुलैतल्या एखाद्या सकाळी 'द लोकल्स आर लाइकली टु रन लेट टुडे' असे म्हणताना 'लाइकली' हा लोकलचा गुण नसतो. लोकल उशिरा धावणे ही सगळी घटना संभवनीय आहे, असे बोलणाऱ्याला वाटते. 'प्रॉबेबल'चा अर्थ 'लाइकली'सारखाच असला तरी ते असे वापरता येत नाही. 'ही इज प्रॉबेबल टु कम' असे इंग्रजी नाही.

'शुअर'मध्ये तर खात्री कोणाची यावरून अर्थ फिरतो. 'शी इज शुअर टु पास' या वाक्यात ती पास होणार अशी खात्री बोलणाऱ्याला आहे. तिला स्वतःला कदाचित धाकधूक असेल. 'शी इज शुअर ऑफ पासिंग' यात खात्री तिची आहे; बोलणाऱ्याचे मत कदाचित वेगळे असेल. दहावीच्या निकालाआधी एखाद्या मुलीविषयी ही दोन वाक्ये अदलाबदल करून बोलली गेली, तर मुलीच्या आत्मविश्वासाचे आणि बोलणाऱ्याच्या अंदाजाचे चित्र पार उलटे होते. 'बी शुअर टु लॉक द डोअर' हा आज्ञेतला वापर निराळा आहे. तिथे आठवणीने कर, विसरू नकोस, एवढाच अर्थ असतो.

'क्विक' आणि 'स्लो' यांचेही जाता जाता पाहून घ्यावे. 'ही इज स्लो टु आन्सर' म्हणजे तो मंद आहे असे नाही, तो उत्तर द्यायला वेळ घेतो, एवढेच. तसेच 'फर्स्ट' आणि 'लास्ट' यांच्यामागेही 'टु' येते. 16 एप्रिल 1853 रोजी बोरीबंदरहून ठाण्याला आलेल्या गाडीविषयी 'इट वॉज द फर्स्ट पॅसेंजर ट्रेन टु रन इन इंडिया' असे वाक्य होते. मराठीत आपण 'धावलेली पहिली गाडी' असे भूतकाळी विशेषण पुढे लावतो, म्हणून 'फर्स्ट ट्रेन विच रॅन' अशी रचना आपल्याला आधी सुचते. तीही चुकीची नाही, पण 'टु रन' अधिक सुटसुटीत आहे.

आता 'टू' आणि 'इनफ'. विशेषणाआधी दीर्घ 'टू' आला आणि मागे ऱ्हस्व 'टु' आला, की वाक्यात नकार शिरतो, जरी 'नॉट' कुठेही दिसत नसला तरी. 'द टी इज टू हॉट टु ड्रिंक' म्हणजे चहा इतका गरम आहे की पिता येत नाही. हा न दिसणारा नकार वाचणाऱ्याच्या हातून सहज निसटतो. 'ही इज टू ऑनेस्ट टु टेक अ ब्राइब' हे वाक्य फळ्यावर लिहिले की वर्गातले निम्मेअधिक जण गोंधळतात, कारण शेवटी 'टेक अ ब्राइब' हे शब्द ठळकपणे दिसतात आणि माणूस लाच घेतो असे वाटते. अर्थ अगदी उलट आहे: तो इतका प्रामाणिक आहे की लाच घेणे त्याच्याकडून होणारच नाही. 'व्हेरी' आणि 'टू' यांत हाच फरक आहे. 'द टी इज व्हेरी हॉट' एवढ्यावरून तो पिता येणार नाही असे ठरत नाही. आपल्याकडे 'टू गुड' हे कौतुकाने म्हटले जाते, आणि त्या बोलीतल्या वापराला माझी हरकत नाही. पण त्याच्यामागे 'टु' आले की कौतुक उरत नाही, मर्यादा ओलांडल्याचा अर्थ येतो.

इथेही कर्माची रिकामी जागा पुन्हा भेटते. 'द टी इज टू हॉट टु ड्रिंक' यात शेवटी 'इट' नको. पण हेच वाक्य 'सो हॉट दॅट' वापरून केले, तर 'द टी इज सो हॉट दॅट आय कॅनॉट ड्रिंक इट' असे 'इट' लावावेच लागते, कारण 'दॅट'नंतर एक स्वतंत्र, पूर्ण वाक्य सुरू होते आणि त्याला स्वतःचे कर्म हवे असते. शाळेत या दोन वाक्यांचे रूपांतर परीक्षेसाठी घोकून घेतले जाते, पण 'इट' का येते आणि का जाते हे सांगितले जात नाही. कारण कळले की ते विसरत नाही. मिश्रण करून 'टू हॉट दॅट आय कॅनॉट ड्रिंक' असे लिहिणे मात्र चूक आहे.

'नॉट टू' आला की नकाराला नकार मिळतो: 'इट इज नॉट टू लेट टु अप्लाय' म्हणजे अर्ज करायला अजून वेळ आहे. 'ओन्ली टू हॅपी टु हेल्प' हा एक वाक्प्रचार या नियमाबाहेरचा आहे. त्याचा अर्थ अगदी आनंदाने मदत करीन असा होतो, त्यात नकार नाही.

'इनफ'चा क्रम फक्त लक्षात ठेवायचा. 'पुरेसा मोठा' हा मराठी क्रम धरून 'इनफ ओल्ड' असे म्हटले जाते, पण इंग्रजीत विशेषण आधी आणि 'इनफ' नंतर: 'ओल्ड इनफ टु व्होट'. 61व्या घटनादुरुस्तीने मतदानाचे वय 21 वरून 18 वर आणले, तेव्हा एकोणीस-वीस वर्षांचे असंख्य तरुण 'टू यंग टु व्होट' होते ते 'ओल्ड इनफ टु व्होट' झाले. नामाबरोबर मात्र 'इनफ' आधी येतो: 'इनफ मनी टु बाय अ फ्लॅट'.

शेवटी ती विशेषणे, ज्यांच्यामागे 'टु'वाले क्रियापद येईल असे वाटते आणि येत नाही. 'केपेबल'चा अर्थ 'एबल'ला लागूनच आहे, तरी 'एबल टु डू' आणि 'केपेबल ऑफ डूइंग' अशा त्यांच्या वाटा वेगळ्या आहेत. 'वर्थ' आणि 'बिझी' यांच्यामागे थेट 'रीडिंग', 'कुकिंग' अशी रूपे येतात. 'वर्थ टु रीड' किंवा 'बिझी टु कुक' म्हणू नये. नोकरीच्या अर्जात 'आय अ‍ॅम इंटरेस्टेड टु वर्क इन युवर कंपनी' असे वाक्य वारंवार दिसते. काही करण्यात रस असेल तर 'इंटरेस्टेड इन वर्किंग' म्हणावे. एखादी माहिती कळण्याविषयी किंवा ऐकण्याविषयी उत्सुकता असेल तर 'इंटरेस्टेड टु नो', 'इंटरेस्टेड टु हिअर' चालते.

सर्वांत फसवे आहे ते 'यूज्ड टु'. 'आय यूज्ड टु ट्रॅव्हल बाय लोकल' म्हणजे मी पूर्वी लोकलने प्रवास करायचो, आता करत नाही; इथे 'यूज्ड' हे विशेषणच नाही. 'आय अ‍ॅम यूज्ड टु ट्रॅव्हलिंग बाय लोकल' म्हणजे मला लोकलच्या प्रवासाची सवय आहे. इथे 'यूज्ड' हे विशेषण आहे आणि त्याच्यामागचे 'टु' हे क्रियापदाचे नसून 'ची सवय'मधल्या '-ची'सारखे शब्दयोगी आहे. म्हणून मागे 'ट्रॅव्हल' न येता 'ट्रॅव्हलिंग' येते. 'अकस्टम्ड टु', 'कमिटेड टु', 'अपोज्ड टु' यांचेही तसेच आहे. 'टु' कोणत्या जातीचे आहे ते ओळखायचे असेल, तर त्याच्यापुढे नुसते 'इट' ठेवून पाहावे. 'आय अ‍ॅम यूज्ड टु इट' हे वाक्य पूर्ण होते, त्यामुळे तिथे 'ट्रॅव्हलिंग' हवे; 'आय अ‍ॅम ईगर टु इट' हे अर्धवट राहते, त्यामुळे तिथे 'ट्रॅव्हल'.